मेजरचं डावं सील

मी बोलतोय तो एका चाकाच्या आडून, तेव्हा आवाज दबका आला तर समजून घ्या.

मी ऑइल सील आहे. तळहातावर मावेल एवढं रबराचं कडं. बाहेरून पत्र्याची कड, आतून पातळ रबरी ओठ, आणि त्या ओठाला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. दिसायला बांगडीसारखा, फरक इतकाच की मला कुणी हौसेने विकत घेत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल. ते बरंच आहे. ज्याला माझं दर्शन होतं, त्याचा तो दिवस सहसा वाईट चाललेला असतो.

माझं काम सोपं आहे. बैलगाडीला जसा आख असतो, तसा फोर बाय फोर ट्रकच्या पुढच्या चाकांना लोखंडी, आतून पोकळ ॲक्सल असतो. त्याच्या पोटात दात्यांची चाकं जाड तेलात डुंबत असतात. ते तेल बाहेर चाकाकडे आणि ब्रेककडे जाऊ नये म्हणून दोन टोकांना आम्ही दोघे बसतो, एक डावा, एक उजवा. आमच्या मधून शाफ्ट गरगर फिरतो. त्याला फिरू द्यायचं आणि तेलाला थांबवायचं. म्हणजे कचेरीच्या दारावरच्या माणसाचं काम. साहेबाला सलाम करायचा आणि बाकीच्यांना "उद्या या" म्हणायचं. मात्र मी कुणाकडून चहा घेत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडल्यावर एका तपासनीसाने मला उजेडात धरून असं पाहिलं, जसं स्थळ पाहायला आलेले लोक मुलीला पाहतात, आणि पसंत केलं. मग मला माझ्या जुळ्या भावासोबत एका पिशवीत बंद करून अकोल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात धाडलं. तिथे वरच्या फळीवर आम्ही एकमेकांना चिकटून पडलो होतो. आयुष्यभर असंच सोबत राहू, असं आम्हाला वाटे. जुळ्या सिलांचं नशीब असं की दोघे एकाच ॲक्सलला लागतात आणि मग पुन्हा कधी भेटत नाहीत. मध्ये सगळं तेल. खुशाली कळते ती त्या तेलातूनच.

एक दिवस मंगरुळपीरचा मिस्त्री सेवालाल दुकानात आला. त्याने खिशातून एक फाटकं, काळंठिक्कर सील काढून काउंटरवर ठेवलं. ओळख पटवायला प्रेत ठेवतात तसं. दुकानदाराने ते उलटसुलट पाहिलं आणि आमची पिशवी काढून दिली.

सेवालालचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचं एक कडुनिंब. झाडाच्या बुंध्याला मोठा खिळा, आणि त्या खिळ्याला माळेसारखी लटकवलेली जुनी सिलं. सगळी माझ्याच मापाची. सगळी एकाच ट्रकमधून निघालेली. नव्या नोकरीवर रुजू व्हायला जावं आणि भिंतीवर आधीच्या सगळ्यांचे हार घातलेले फोटो दिसावेत, तसं मला झालं.

त्या ट्रकचं नाव मेजर. हे नाव गावाने ठेवलेलं. आसेगावच्या रामकिसनभाऊंनी तो लष्कराच्या लिलावात घेतला होता, तरणे होते तेव्हा. हिरवा रंग उडाला, पण ऐट गेली नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर फसला, बैल रुतला, एसटी कलंडली की लोक पहिला फोन रामकिसनभाऊंना करत आणि दुसरा देवाला. मेजर येई, साखळी लावी, काढी आणि निघून जाई. रामकिसनभाऊ वर बसलेले असत, एका हाताने स्टेअरिंग धरून, जणू काश्मीरहून आत्ताच परतलेत. प्रत्यक्षात ते खामगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

आम्ही आलो तेव्हा मेजर जॅकवर उभा होता, पुढची चाकं काढलेली. शेजारी रामकिसनभाऊ आणि त्यांचा मुलगा हरीओम. हरीओमचं लग्न ठरलं होतं, इंझोरीच्या निकिताशी. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आजकाल किती अवघड आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. हरीओमला ती मिळाली होती, त्यामुळे त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"बाबा, मेजरले आता पेन्शनीत काढा," तो म्हणत होता. "जवा पाहा तवा सील गयते. एवढ्या तर माह्या चपला बी तुटत नाई."

गळतं याला इकडे 'गयते' म्हणतात. कानाला गोड लागतं, पण माझ्या जातीला त्याहून वाईट शिवी नाही.

"चप्पल शेतात नेशीन तं तुटन नं," रामकिसनभाऊ म्हणाले.

"सिलाचा दोष नाई दादा," सेवालाल मध्ये पडला. "माल डुप्लिकेट येऊन राह्यला. हे पाहा, आता ओरिजनल आनलं."

खिळ्यावरचे सगळे ओरिजनलच होते, हे मला नंतर कळलं. सेवालाल दरवेळी हेच वाक्य बोले, आणि दरवेळी तितक्याच विश्वासाने.

"अन् आयक," रामकिसनभाऊ म्हणाले, "नवरदेव मेजरवर जाईन. मी ठरवलं हाय."

"मी? या डब्यात? लोक म्हनतीन, हा नवरी आनाले आला का पूर पाह्याले आला!"

"तुह्या मायले मी आनलं तवा गाडीचा एक बैल लंगडत होता. बोलली का ते काई?"

"बोलली असन," सेवालाल म्हणाला. "बैलाच्या घुंगरात तुमाले आयकू आलं नसन."

हरीओम हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "बाबा, शर्त लावतो. लग्नापर्यंत एक थेंब बी नाई गयला, तं मी फेटा बांधून मेजरवर बसतो. अन् गयला, तं मी पांढऱ्या कारनं जातो, अन् लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येते. बोला."

रामकिसनभाऊंनी मेजरकडे पाहिलं. मग सेवालालच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तपासनीसानेसुद्धा नाही.

"कबूल," ते म्हणाले.

सेवालालला बोलण्याचा सोस असला तरी हात चांगला होता. त्याने माझ्या ओठाला ग्रीस लावलं, माझं तोंड तेलाकडे केलं, आणि जुन्या बेअरिंगची रिंग माझ्यावर ठेवून हातोडीने चारही बाजूंनी हलकेच ठोकत मला जागेवर बसवलं. कासाराने नवरीच्या हातात बांगडी चढवावी तसं. शाफ्टच्या टोकाला दाते असतात. ते माझा ओठ कापतील म्हणून त्याने त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं. शाफ्ट आत गेला, पलीकडे भाऊ बसला, चाकं चढली. अंधार झाला. माझी नोकरी सुरू झाली.

आता ज्या बाईंमुळे हे सगळं रामायण घडलं, त्यांची ओळख करून देतो. पंचफुलाबाई, रामकिसनभाऊंच्या मंडळी.

हरीओमचा जन्म मेजरमध्ये झाला आहे. पावसाळ्यात त्यांना मंगरुळपीरच्या दवाखान्यात नेत होते, पांदण रस्त्यावर चिखल, आणि दवाखान्याला जी घाई नव्हती ती हरीओमला होती. सोबत गावची सुईण कस्तुराबाई होती. पोरगं केबिनीतच झालं, पण रडेना. कस्तुराबाईने पदराच्या टोकाने त्याचं नाक साफ केलं, तेव्हा त्याने असा टाहो फोडला की रामकिसनभाऊंनी दचकून ब्रेक दाबला. ही कथा पंचफुलाबाई दर पाहुण्याला सांगतात, आणि हरीओम दरवेळी उठून पाणी प्यायला जातो.

तेव्हापासून मेजर पंचफुलाबाईंचा देव झाला. पण पूजा करायची कुठे? बॉनेटपर्यंत त्यांचा हात पोचेना. वाकून पाहिलं तर पुढच्या ॲक्सलवर एक लहानसं लोखंडी बोंड उभं. गोल, गुळगुळीत, शांत. त्यांनी हात जोडले. मेजरच्या पोटात त्यांना मारुती सापडला.

सुरुवातीला दसऱ्यालाच काय ते हळदकुंकू होई. पुढे हरीओम लग्नाला आला आणि मुली नाही म्हणू लागल्या. एकीला नोकरीवाला हवा, एकीला पुण्याचा, एकीला शेत हवं पण शेतकरी नको. पंचफुलाबाईंनी नवस बोलला. पोराचं लग्न होईपर्यंत दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर. लग्न काही लवकर ठरेना. शनिवार मात्र दर आठवड्याला येत राहिला.

आता त्या बोंडाबद्दल सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. ते ॲक्सलचं नाक आहे. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट त्या बोंडाच्या टोपीखालून आहे. आणि त्या टोपीवर, टोपीखाली, टोपीभोवती शेंदराचे थरावर थर चढून त्याचा पक्का दगड झाला होता. मेजरला श्वास टाकायला जागा नव्हती. मग ती फुगलेली हवा तेलाला ढकले, तेल आम्हाला ढकले, आणि शेवटी आम्ही खिळ्यावर जाऊ.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत मला हे समजलं. पलीकडून भावाचा निरोप आला, "दादा, वरून झाकन पक्कं लागलं हाय." पण सांगायचं कुणाला? मला ओठ आहेत, पण ते तेल अडवण्यासाठी. बोलण्यासाठी दिलेले ओठ सेवालालकडे होते, आणि तो त्यांचा वापर डुप्लिकेट मालाची निंदा करण्यासाठी करत होता.

त्यात शर्तीची बातमी पंचफुलाबाईंना लागली. मेजर भंगारात जाणार म्हटल्यावर त्यांनी शनिवारची वाट पाहणं सोडलं. आता रोज तेल-शेंदूर. मी गळू नये म्हणून त्या माझा गळा आवळत होत्या. इतकं प्रेम आणि इतका त्रास एकाच हातून मिळणं हे मी आधी फक्त माणसांच्या संसाराबद्दल ऐकलं होतं.

हरीओमने पुढच्या दोन्ही चाकांखाली खोक्याचा पुठ्ठा पसरला. रोज सकाळी चहा पिऊन तो पुठ्ठा पाहायला येई, दहावीचा निकाल पाहावा तसा. कोरडा. कोरडा. कोरडा. रामकिसनभाऊ ओसरीवरून खाकरत. पंचफुलाबाई आणखी शेंदूर कालवत.

मी धरून होतो. पण सोयाबीनच्या गोण्या घेऊन रिसोडच्या बाजाराची फेरी झाली. लांबचा पल्ला, भरलेली गाडी, उकळलेलं तेल. परत आलो तेव्हा माझा ओठ दुमडला होता. मी शर्थ केली. तरी एक थेंब माझ्या हातून सुटला, ब्रेकच्या ड्रमवरून घरंगळला आणि पुठ्ठ्यावर पडला. टप्प. मला तो आवाज भंगाराच्या काट्यावर लोखंड आदळल्यासारखा वाटला.

सकाळी उजाडताच रामकिसनभाऊ काखेत नवा पुठ्ठा घेऊन चवड्यावर चालत आले. खाली वाकले. आणि चाकाच्या पलीकडून वाकलेल्या पंचफुलाबाईंच्या डोक्यावर त्यांचं डोकं आपटलं. त्यांच्याही हातात पुठ्ठा होता.

"अवो! तुमी इथं काय करून राह्यले?"

"मी? टायरची हवा पाहून राह्यलो. अन् तू?"

"मी मारुतीले दिवा लावाले आली."

"दिवा कुठं हाय?"

"तुमचा हवा पाह्याचा काटा जिथं हाय, तिथंच हाय."

मग दोघांनी मिळून तेलाचा पुठ्ठा काढला आणि कोरडा सरकवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतक्या एकमताने केलेलं हे त्यांचं पहिलंच काम असावं.

"झालं का दोघायचं?" वरून आवाज आला. हरीओम दात घासत उभा होता. "बाबा, काल इथं साबनाच्या खोक्याचा पुठ्ठा होता. आज रातोरात बिस्किटाचा कसा झाला?"

हरीओमने आरडाओरडा केला नाही. त्याने चूळ भरली आणि फोन काढून भंगारवाल्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. शर्त म्हणजे शर्त.

रामकिसनभाऊ उठले. बादली भरून आणली आणि मेजरला धुवायला घेतलं. पोळ्याला बैल धुतात तसं, कानामागून, मानेखालून, चारही पायांना. पुढच्या चाकाशी येऊन ते थांबले. माझ्या बाजूला हात ठेवून म्हणाले, "तुहा बी दोष नाई बाप्पा." मला एकदम इतकं वाईट वाटलं की आणखी एक थेंब सुटला.

लग्नाचा दिवस आला, आणि त्याच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. तो असा कोसळला की उभी तूर आडवी झाली. इकडची काळी माती भिजली की ती माती राहत नाही. ती जवळची नातेवाईक होते. पायाला धरते, सोडत नाही, आणि निघालात तर चप्पल ठेवून घेते.

वऱ्हाड निघालं. सगळ्यात पुढे गुलाबाच्या माळा घातलेली पांढरी कार, आत बाशिंग बांधलेला हरीओम. मागे जीपा, त्यामागे बँडवाल्यांची गाडी. आणि सगळ्यात शेवटी मेजर, स्वयंपाकाची मोठी भांडी घेऊन. शेवटची ड्युटी. केबिनीत रामकिसनभाऊ स्टेअरिंगवर, शेजारी पंचफुलाबाई हातात शेंदराची डबी घट्ट धरून. मागे पातेल्यात बसून सेवालाल, कारण जीपेत त्याला जागा मिळाली नव्हती.

मला बाहेरचं दिसत नाही. पण हा प्रसंग पुढे इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितला की मी डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगू शकतो.

इंझोरीपर्यंत डांबरी रस्ता होता. निकिताच्या घरचा मांडव मात्र शेतातल्या घरापुढे घातला होता आणि तिथवर पांदण रस्ता. पांढरी कार त्यात शिरली, डौलात थोडी पुढे गेली आणि बसली. म्हणजे म्हैस डबक्यात बसते तशी, समाधानाने. तिच्यामागे पहिली जीप बसली. तिला वाचवायला गेलेली दुसरीही बसली. बँडवाले उतरले आणि ढोल डोक्यावर घेऊन उभे राहिले. मुहूर्त तोंडावर आला होता. मांडवातून फोनवर फोन येऊ लागले.

हरीओम खाली उतरला. एक मोजडी चिखलाने ठेवून घेतली. तो तसाच, एका पायात मोजडी आणि डोक्यावर बाशिंग, मागे चालत आला.

"बाबा."

"काय?"

"मेजर आना नं पुढं."

"काहून?" रामकिसनभाऊ दूर तुरीकडे पाहत म्हणाले. "त्याचं सील गयते म्हने."

"बाबा, लोक हसून राह्यले."

"हसू दे. पूर पाह्याले आला नं तू."

"अवो, पुरे करा!" पंचफुलाबाई कडाडल्या. "पोरगी मांडवात उभी हाय अन् तुमी इथं हिशेब चुकते करता? चला!"

रामकिसनभाऊंना तेवढंच हवं होतं. मेजर बाजूच्या पडीत वावरातून गर्जत पुढे गेला. साखळी कारला, कारची जीपेला, जीपेची जीपेला. रामकिसनभाऊंनी फोर बाय फोरचा दांडा ओढला. एरवी पुढची चाकं नुसती सोबतीला चालतात. दांडा ओढला की त्यांनाही बैलासारखी मान घालावी लागते. आमचा शाफ्ट ताठ झाला. हरीओम समोर उभा राहून दोन्ही हातांनी "या, या, या" करू लागला.

पहिल्या हिसक्याला कोणी हललं नाही. दुसऱ्याला कार जराशी डुलली. ॲक्सलमधलं तेल तापलं, फेसाळलं, हवा फुगली. माझ्या ओठावर इतका दाब आला की स्प्रिंग करकरली.

"दादा, धरून ठेव!" भाऊ पलीकडून ओरडला.

"तू बी धर!"

"माहं सुटून राह्यलं!"

माझंही सुटत होतं. तेलाची धार चाकावरून खाली लागली. खिळ्यावरच्या पूर्वजांची माळ डोळ्यांपुढे आली. आता आणखी एक हिसका, आणि आम्ही दोघेही जागेवरून उडणार, तेल चिखलात जाणार, मेजर इथेच बसणार आणि भंगारवाल्याला पत्ता बदलून सांगावा लागणार. रामकिसनभाऊंनी दात आवळले आणि पाय दाबला.

फट्ट!

मी डोळे मिटले होते, म्हणजे मला असते तर. पण फुटलो मी नव्हतो. भाऊही नाही. वर्षानुवर्षांचा शेंदराचा टोप बंदुकीच्या गोळीसारखा उडाला, इंजिनाच्या तळाला आपटला, बंपरखालून निसटला आणि थेट नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर छातीच्या मधोमध जाऊन बसला. ढप्प.

साखळीतल्या तिन्ही गाड्या त्याच हिसक्याला चिखलातून बाहेर आल्या.

मग पंचफुलाबाई केबिनीतून उतरल्या, छातीवर भगवा ठिपका घेऊन उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं, आणि किंचाळल्या,

"देवानं खोळ टाकली! माह्या मारुतीनं शेंदराची खोळ टाकली वो!"

अख्ख्या वऱ्हाडाने हात जोडले. बँडवाल्यांना काही कळलं नाही, पण हात जोडलेले दिसल्यावर वाजवायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दणका उडवला. जीपेतल्या म्हाताऱ्या पाय वर खोचून चिखलात उतरल्या आणि मेजरच्या बंपरला डोकं टेकवू लागल्या.

पंचफुलाबाई मात्र वाकून आत पाहत होत्या. बोंडाच्या टोपीखालून सूंऽऽ करत गरम हवा बाहेर येत होती. लांबलचक, सुखाचा श्वास. त्यांनी तिथे हात धरला. मग माझ्या चाकाकडे पाहिलं. तेलाची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. माझा ओठ पुन्हा शाफ्टला बिलगला होता. मला दाबणारं आता कुणी नव्हतं.

त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"हरीओमचे बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "हे त्याचं नाक हाय."

"काय?"

"नाक वो. लेकराचं नाक बुजलं का ते दूध पेत नाई, तोंडातून सांडते. याचं बी तेच होऊन राह्यलं होतं. मीच बुजवलं. दर शनिवारी." त्यांनी पोराकडे पाहिलं. "तू बी याच गाडीत असाच नाक बुजून आला होता. कस्तुराबाईनं साफ केलं तवा..."

या वेळी हरीओम पाणी प्यायला गेला नाही. एक तर पाणी नव्हतं. दुसरं म्हणजे त्याच्याच लग्नाच्या नवसाने मेजरला गुदमरवलं होतं आणि त्याचाच गुन्हा लावून तो मेजरला विकायला निघाला होता, हे त्याच्या ध्यानात येत होतं. बाशिंगातून चेहरा दिसत नाही, ही आपल्या पूर्वजांची मोठी सोय आहे.

"मी तेच सांगनार होतो," पातेल्यातून सेवालालचा आवाज आला. "मले पयलेच वाटलं होतं, नाकातच काईतरी हाय."

"मंग बोलला काहून नाई बे?" रामकिसनभाऊ ओरडले.

"देवाच्या नाकात बोट कोन घालन, दादा?"

हे उत्तर मात्र ओरिजनल होतं.

नवरदेव मेजरवर बसून मांडवात आला. एका पायात मोजडी, छातीवर शेंदूर, मागे साखळीने बांधलेली पांढरी कार आणि तिच्यात स्टेअरिंग धरून, जणू आपणच चालवतोय अशा चेहऱ्याने बसलेला तिचा ड्रायव्हर. निकिता हार घेऊन उभी होती. तिने सगळा थाट वरपासून खालपर्यंत पाहिला आणि अंतरपाटाआड जाता जाता म्हणाली, "मले वाटलं लढाई लागली." मांडव हसला. हरीओमही हसला. मी चाकाआड बसून हसलो, पण जपून. हसताना ओठ सुटतो.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दिलेल्या वेळेवर आला. ज्यांची वाट पाहावी ते येत नाहीत आणि हे लोक कधी चुकत नाहीत. हरीओम तेव्हा मेजरखाली आडवा पडून, अंगाची हळदसुद्धा न उतरलेला, बाभळीच्या काट्याने बोंडातला उरलासुरला शेंदूर टोकरत होता.

"गाडी कोनती न्याची?" भंगारवाल्याने विचारलं.

"गाडी नाई. थांबा." हरीओम बाहेर आला आणि त्याने त्याच्या हातात एक माळ ठेवली. सेवालालच्या खिळ्यावरून तो सकाळीच ती घेऊन आला होता. माझे सगळे पूर्वज.

"हे तं रबर हाय भाऊ. याचं काय वजन?"

"वजन नाई त्यायले," ओसरीवरून रामकिसनभाऊ म्हणाले. "फुकट गेले बिचारे. इज्जतीनं नेजा."

भंगारवाला डोकं हलवत गेला. या घरात काल लग्न होतं, आज कुणाची तब्येत बरी नसणार, असं तो फाटकाशी कुणाला तरी सांगत होता.

तेव्हापासून मी इथेच आहे. कोरडा आहे. भावाची खुशाली तेलातून रोज कळते. तोही मजेत आहे. पुठ्ठे आता चुलीत गेले.

माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. कुठे काही गळताना दिसलं की तुम्ही गळणाऱ्याला बदलता. खुशाल बदला, आम्ही बदलले जाण्यासाठीच जन्मलो आहोत. पण खिळ्यावरची माळ फार लांब होऊ लागली, तर एकदा वाकून वर पाहा. कुणाचं नाक बुजलंय का. आणि ते बहुधा तिथेच सापडेल जिथे तुम्ही सगळ्यात जास्त भक्तीने शेंदूर फासलात.

पंचफुलाबाई रोज सकाळी येतात. बोंडाजवळ वाकून, झोपलेल्या बाळाच्या नाकाशी धरतात तसा हात धरतात, श्वास चालू आहे याची खात्री करतात आणि हात जोडतात. बोंडाला मात्र बोट लावत नाहीत.

नवस अजून सुरूच आहे. आता नातवासाठी. पण शेंदूर कुठेतरी लावायला हवा ना? निकिताने स्टूल धरलं, पंचफुलाबाई वर चढल्या, आणि बॉनेटशेजारी त्यांना एक गोल, कर्ण्यासारखं, शांत असं काही सापडलं. दर शनिवारी आता तिथे लागतो.

मेजरच्या हॉर्नचा आवाज अलीकडे जरा बसलाय. पण ते माझं खातं नाही.